मग फ्यूज का उडाला नाही?

घरातली वीज ही आपल्या रोजच्या भरवशाची गोष्ट. बटण दाबलं की दिवा लागतो, यापलीकडे तिचा विचार करायची वेळ सहसा येत नाही. पण हा भरवसा बराचसा ऐकीव समजुतींवर उभा असतो आणि त्यातली एखादी समजूत किती महागात पडू शकते, हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

१९८४ सालचा जुलै महिना. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आजोळी मी दोन दिवसांसाठी गेलो होतो. मामांच्या घराला वीज येऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. ओटीवर, माजघरात आणि स्वयंपाकघरात एकेक दिवा, आणि हौसेनं घेतलेला एक पंखा. गोठ्यातही उजेड हवा म्हणून घरातूनच एक वायर काढून अंगणावरून पलीकडे नेलेली होती. ती लोंबकळू नये म्हणून कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेला जागोजागी सुतळीनं बांधलेली.

एका ओल्या सकाळी त्या तारेवरचा पंचा काढताना माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मी मामांना सांगितलं. ‘‘पावसात येतो रे थोडा करंट,’’ मामा म्हणाले, ‘‘वर फ्यूज आहे ना! तसं काही असतं तर उडाला नसता का?’’

मी तेव्हा इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. फ्यूजचा धडा शिकून झाला होता, परीक्षेत त्यावर पूर्ण गुणही मिळाले होते. तरीही मामांचं म्हणणं मला पटलं. मी पंचा खांद्यावर टाकला आणि चहा प्यायला आत गेलो.

त्यानंतर नवव्या दिवशी मामी धुणं वाळत घालायला अंगणात गेली, ती परत आली नाही. दिवस झाल्यावर मामांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. ‘‘फ्यूज होता रे. मग तो का उडाला नाही?’’

पुढे तीस वर्षं मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या मुलांना शिकवलं. दरवर्षी पहिल्या तासाला हाच प्रश्न फळ्यावर लिहीत असे. आज तो वाचकांपुढे ठेवतो आहे. कारण लाकडी पट्ट्यांवरची वायरिंग जाऊन भिंतीतल्या पाइपांतून गेली, चिनीमातीचे फ्यूज जाऊन एमसीबीच्या सुबक पेट्या आल्या, पण मामांची ती समजूत मात्र घरोघरी जशीच्या तशी आहे.

रखवालदार कुणाचा?

उत्तर अवघड नाही. फ्यूज हा माणसाचा रखवालदार नव्हेच. तो वायरचा रखवालदार आहे. ठरावीक जाडीची वायर ठरावीक प्रवाहच वाहून नेऊ शकते. त्यापेक्षा जास्त प्रवाह गेला तर ती तापते, तिच्यावरचं आवरण वितळतं आणि आग लागते. तसं होण्याआधी आपण वितळून मार्ग तोडायचा, एवढंच फ्यूजचं काम.

आता मामांच्या घरचा हिशोब मांडू. फ्यूज पाच अँपिअरचा. साध्या तारेचा फ्यूज त्याच्या आकड्याच्या दीडपट-दुपटीच्या आसपास प्रवाह गेल्याशिवाय वितळत नाही. वाऱ्यानं घासून घासून गोठ्याच्या वायरचं आवरण एका जागी गेलं होतं आणि आतली तांब्याची तार लोखंडी तारेला टेकली होती. तारेची दोन्ही टोकं लाकडी खांबांना बांधलेली, त्यामुळे विजेला जमिनीत जायला धड वाट नव्हती. तार नुसतीच ‘जिवंत’ होऊन राहिली. ओले हात, अनवाणी पाय आणि भिजलेलं अंगण अशा स्थितीत माणसाच्या शरीराचा विरोध हजार ओमच्या घरात येतो. दाब २३० व्होल्ट. भागाकार केला तर प्रवाह येतो साधारण पाव अँपिअर.

साठ वॉटचा दिवाही पाव अँपिअरच घेतो. म्हणजे फ्यूजच्या लेखी मामी म्हणजे घरात लागलेला आणखी एक दिवा! तो उडणार कशाला? आणि माणसाचा जीव जायला पाव अँपिअरही लागत नाही. एक हजारांश अँपिअरला मुंग्या येतात, दहा हजारांशांच्या आसपास स्नायू आखडून पकडलेली वस्तू हातातून सुटत नाही आणि तीस हजारांशांच्या पुढे, प्रवाह छातीतून काही क्षण वाहिला तर, हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. पाच अँपिअर आणि तीस हजारांश अँपिअर, म्हणजे दीडशेपटीहून अधिक अंतर. या अंतरात माणूस दगावतो आणि फ्यूज शाबूत राहतो.

एमसीबीचंही नेमकं हेच. तो फ्यूजपेक्षा चपळ आहे, पुन्हा वर करता येतो, पण रखवालदार तोही वायरचाच. ‘‘आमच्याकडे सगळे एमसीबी आहेत, शॉकची भीती नाही’’ असं सांगणारे सुशिक्षित गृहस्थ मला आजही भेटतात. त्यांच्यात आणि माझ्या मामांत काडीचा फरक नाही.

बरं, वायरची राखण तरी आपण नीट करू देतो का? पूर्वी फ्यूज वारंवार उडू लागला की घरातला कर्ता माणूस वायरचे चार पदर पिळून त्यात घालत असे. मग काही तो उडत नसे! आता तेच काम जरा सभ्यपणे होतं. ‘‘एमसीबी सारखा पडतो, जरा मोठा टाकून द्या.’’ सोळाच्या जागी बत्तीसचा येतो आणि सगळे खूश. पण भिंतीतली वायर तीच असते. दीड चौरस मिलिमीटरची वायर दिव्या-पंख्यांसाठी घातलेली. तिच्यावर पुढे गिझर आला, मग इस्त्री, मग मायक्रोवेव्ह. दोन हजार वॉटचा गिझर एकटाच पावणेनऊ अँपिअर घेतो, तीन हजारांचा तेरा. बत्तीसचा एमसीबी शांत बसतो आणि वायर भिंतीच्या आत भाजत राहते. पडणारा एमसीबी तक्रार सांगत असतो. त्याला मोठं करणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे.

एक्स्टेन्शन बोर्डाचीही तीच गोष्ट. चार भोकं आहेत म्हणजे चार वस्तू चालतील असा आपला समज. पण त्या चारही भोकांना वीज पुरवणारी वायर एकच आणि बहुधा बारीक असते. मोबाइल, दिवा, टीव्ही यांना ती पुरते. हीटर आणि इस्त्रीला नाही. शिवाय ढिल्या सांध्यावर उष्णता तयार होते आणि तिथे प्रवाह मर्यादेतच असल्यामुळे एमसीबीला पत्ताही लागत नाही. प्लग काढताना पिन गरम लागली, बोर्ड पिवळा पडला किंवा जळकट वास आला, तर तो सांधा ढिला झाला असं समजावं आणि त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावा.

तिसऱ्या पिनेची उपेक्षा

तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड, लांब पिन कशासाठी असते, हा प्रश्न मी अनेक घरांत विचारून पाहिला आहे. ‘‘प्लग घट्ट बसावा म्हणून’’ हे सर्वांत लोकप्रिय उत्तर. ‘‘ती नसली तरी चालतं’’ हे दुसरं. दुसरं उत्तर खरं आहे आणि घात तिथेच आहे. अर्थिंग नसलं तरी फ्रिज थंड करतो, वॉशिंग मशीन कपडे धुतं, मिक्सर चटणी वाटतो. मग दोन पिनांच्या बोर्डात बसत नाही म्हणून कुणी ती पिन कापून टाकतो. कुणी प्लगच काढून वायरची दोन उघडी टोकं भोकांत सारतो आणि आगकाडीची पाचर मारतो. वस्तू चालते, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं.

ही पिन लांब ठेवली आहे ती प्लग घालताना सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. यंत्राच्या धातूच्या अंगाला ती जमिनीशी बांधून ठेवते. आत कुठे वायर सुटून पत्र्याला टेकली तर विजेला जमिनीकडे जायला सोपी वाट मिळते, मोठा प्रवाह वाहतो आणि मग फ्यूज खरोखरच उडतो. ही वाट नसेल तर पत्रा जिवंत होऊन वाट पाहत राहतो, ओल्या हाताचं माणूस येईपर्यंत.

पण बोर्डाला तिसरं भोक आहे म्हणजे घराला अर्थिंग आहे, असंही मानून चालू नये. पुष्कळ घरांत त्या भोकामागे वायरच नसते. काही ठिकाणी ती असते, पण पुढे कुठेच जोडलेली नसते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळायची पद्धत होती. पाइप जमिनीतून आलेला, त्यामुळे तेव्हा ते कसंबसं चालून जाई. पुढे गंजलेले पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकले गेले. नळाचं पाणी स्वच्छ झालं, पण त्याच दिवशी सगळ्या बिऱ्हाडांचं अर्थिंग तुटलं. प्लंबरला ते ठाऊक नव्हतं आणि वायरमनला कुणी विचारलं नाही. वाईट याहून हे, की एका बिऱ्हाडातली गळती उरल्यासुरल्या लोखंडी पाइपातून शेजारच्या न्हाणीघरातल्या नळाला येऊ शकते.

काही चलाख कारागीर याहून पुढे जातात. अर्थची तार सापडली नाही की बोर्डातच अर्थ आणि न्यूट्रल एकत्र जोडून देतात. तपासणाऱ्या दिव्याला अर्थिंग ‘दिसतं’. पण मागे कुठे न्यूट्रलची तार तुटली, तर फ्रिजपासून गिझरपर्यंत सगळ्यांच्या अंगावर २३० व्होल्ट येऊन बसतात. घरात हे असं असेल, तर ते नसलेल्या अर्थिंगपेक्षाही वाईट.

आणि खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून, पट्टी पुरून अर्थिंग केलेलं असलं तरी ते कायमचं झालं असं नाही. कोकणातला जांभा काय किंवा देशावरचा मुरूम काय, उन्हाळ्यात कोरडा पडला की विजेला दाद देत नाही. वाटेतला विरोध पन्नास ओम झाला तर २३० व्होल्टला साडेचार अँपिअरच वाहतात. सोळाचा एमसीबी जागचा हलत नाही. म्हणून तो खड्डा ओला ठेवायचा असतो आणि अधूनमधून मीटर लावून मोजून घ्यायचा असतो. मोजून घेणारी किती घरं आपल्या माहितीत आहेत?

गरीब बिचारा न्यूट्रल

‘‘न्यूट्रलला हात लावला तर काही होत नाही,’’ ही आणखी एक समजूत. सगळं जागच्या जागी असेल तर हे बरंचसं खरं आहे. पण न्यूट्रल कुठे तुटला आणि दिव्याचं बटण चालू राहिलं, तर फेज दिव्यातून पार होऊन त्याच तुटक्या टोकापाशी येऊन थांबतो. दिवा लागत नाही, म्हणून आपण वीज गेली समजतो आणि टोक हातात धरतो.

रस्त्यावरच्या तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल तुटला तर प्रकार आणखी वेगळा. काही घरांत दिवे मिणमिणू लागतात आणि काही घरांत दाब वाढून टीव्ही-फ्रिज जळतात. एकाच गल्लीत एकाकडे अंधुक आणि दुसऱ्याकडे लख्ख असं दिसलं, की पंचाईत न करता आधी मेन स्विच बंद करावा.

बटण बंद केलं म्हणजे वीज बंद झाली, हेही नेहमी खरं नसतं. बटण फेजच्या तारेवर असावं असा नियम आहे. पण घाईत ते न्यूट्रलवर बसवलं गेलं, तर दिवा बंद होतो आणि होल्डर मात्र जिवंतच राहतो. बटण बंद करून, स्टुलावर चढून दिवा बदलताना बसणारे धक्के पुष्कळदा असे असतात. इन्व्हर्टर असलेल्या घरात तर मेन स्विच बंद केला तरी काही बोर्डांत वीज असतेच. म्हणून काम करण्यापूर्वी मेन बंद, इन्व्हर्टर बंद आणि मग टेस्टर.

त्या टेस्टरवरही आपला भारी विश्वास. टेस्टर पेटला तर वीज आहे, हे बहुतेक वेळा खरं. पण पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं मात्र नव्हे. उन्हात तो दिसत नाही, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर नीट पेटत नाही आणि जुना झाला की मुळीच पेटत नाही. आधी चालू असलेल्या बोर्डात तो पेटतो का हे पाहावं, मग हव्या त्या जागी लावावा आणि पुन्हा चालू बोर्डात पाहावा. माझ्या मुलांना हे मी घोकून घेत असे. तीच गोष्ट रबरी चपलांची. त्यांनी पायांतून जमिनीकडे जाणारी वाट अडते, पण दुसरा हात नळाला किंवा ओल्या भिंतीला टेकलेला असेल तर चपलांचा काही उपयोग नाही.

गेलं किती, आलं किती?

मग माणसाचा रखवालदार कोण? तो आहे, आणि आज बाजारात सहज मिळतो. त्याचं नाव आरसीसीबी. आपल्याकडे अजून त्याला ‘ईएलसीबी’ असंच म्हणतात. त्याचं काम हिशेबनिसाचं. फेजच्या तारेनं जेवढा प्रवाह घरात गेला, तेवढाच न्यूट्रलच्या तारेनं परत आला पाहिजे. गेलेल्या आणि आलेल्या प्रवाहात फरक पडला, तर तो प्रवाह तिसऱ्याच कुठल्या वाटेनं जमिनीत जातो आहे. ती वाट कदाचित एखाद्या माणसाची असेल. घरासाठीच्या उपकरणात हा फरक तीस हजारांश अँपिअर झाला की ते क्षणाच्या अंशात वीज तोडतं. मामीच्या अंगातून त्याच्या सात-आठपट प्रवाह गेला होता.

यालाही समजुतींनी सोडलेलं नाही. ‘‘अर्थिंग नसेल तर तो चालत नाही’’ असं काही कारागीर सांगतात. हे खरं नाही. अर्थिंग नसतानाही माणसातून जमिनीकडे प्रवाह गेला तर तो पडतो. फरक एवढाच, की अर्थिंग असेल तर माणसानं हात लावण्याआधीच पडतो. त्यावरचं चाचणीचं बटण दाबून तो पडला, म्हणजे अर्थिंगही ठीक आहे, असाही निष्कर्ष काढू नये. ते बटण फक्त त्या उपकरणाची परीक्षा घेतं. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर तोही वाचवू शकत नाही, कारण गेलेलं सगळं परत आलेलं असतं. वायरची राखण साध्या आरसीसीबीला येत नाही, म्हणून एमसीबी सोबत लागतोच.

पण सर्वांत मोठा शत्रू पावसाळा. पहिल्या सरींनंतर कुठेतरी भिंत ओलावते, बाहेरच्या दिव्याच्या पेटीत पाणी शिरतं आणि आरसीसीबी पडू लागतो. दोन दिवस त्रास सोसला जातो, तिसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून तो ‘बायपास’ केला जातो. घरात लाल-काळ्या तारा सरळ जोडल्या जातात आणि डबा शोभेला राहतो. ज्या महिन्यांत त्याची सर्वांत जास्त गरज, नेमका त्याच महिन्यांत तो निजवलेला. ‘‘पावसात येतो थोडा करंट’’ हेच ते वाक्य. वास्तविक त्या वेळी एकेक एमसीबी खाली करून गळती कोणत्या फांदीवर आहे ते शोधायचं असतं. बहुधा तासाभराचं काम असतं.

पाच प्रश्न

हे सगळं वाचून कुणी स्वतः पेचकस घेऊन बोर्ड उघडावा, असं मला मुळीच सुचवायचं नाही. दिवा किंवा फ्यूज बदलण्यासारख्या किरकोळ कामांपलीकडचं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं, असा कायदा आहे आणि तो शहाणपणाचा आहे. मात्र मीटरच्या पुढची वायरिंग ही वीज कंपनीची नव्हे, आपली जबाबदारी असते. तेव्हा घरात येणाऱ्या कारागिराला विचारायचे पाच प्रश्न तरी आपल्याला ठाऊक असावेत.

आमच्या घरात आरसीसीबी आहे का, तीसचाच आहे ना आणि तो जोडलेला आहे का? अर्थिंगची तार शेवटी कुठे जाते, मला दाखवाल का? प्रत्येक एमसीबीमागची वायर त्याच्या आकड्याला पुरेशी आहे का? बटणं फेजवर आहेत का? आणि गिझर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप यांच्या अंगाला अर्थ पोहोचतो हे मीटर लावून पाहिलंत का? कारागीर चांगला असेल तर या प्रश्नांनी त्याला राग येत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचं त्याला बरं वाटतं. फॉल्स सीलिंगवर आणि स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांवर आपण करतो त्या खर्चापुढे याचा खर्च किरकोळ आहे.

आणि एवढी काळजी घेऊनही कुणाला धक्का बसलाच, तर आधी मेन बंद करावा. तो लांब असेल तर कोरड्या लाकडानं त्या माणसाला दूर करावं. हातानं कधीही ओढू नये. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करावं आणि मदत मागवावी.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना त्या दिवशी दिलं नाही. वर्षभरानं, पुन्हा पावसात गेलो तेव्हा दिलं. पाटीवर आकडे मांडून दाखवले. मामा बराच वेळ त्या पाव अँपिअरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे तुझ्या बोटांना आलेल्या मुंग्या, तेवढंच सांगणं होतं म्हणायचं.’’ त्यांनी मला दोष दिला नाही. तो मी स्वतःला अजून देतो.

आजोळच्या अंगणात आता काथ्याची दोरी आहे. गोठ्याला स्वतंत्र वायर गेली आहे. ओटीवरच्या पेटीतल्या आरसीसीबीचं बटण मामेभाऊ दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबून पाहतो. क्षणभर घर अंधारतं, कुणी आतून ओरडतं, तो पुन्हा वर करतो. तुमच्या घरातल्या पेटीवर तसं बटण आहे का, हे एकदा उठून पाहा. आणि फ्रिजच्या दांड्याला, नळाला, कपड्यांच्या तारेला कधी नुसत्या मुंग्या आल्या, तर चहा प्यायला आत जाऊ नका.